कॉम्प्युटरला बसवलेली पाण्याची मोटार

आमच्या कॉम्प्युटरचं डोकं थंड ठेवणारं यंत्र आम्ही तिघांनी मिळून निवडलं, आणि त्या तिघांत कॉम्प्युटरमधलं कळणारा मी एकटाच होतो. एवढं सांगितल्यावर खरं तर पुढं काही सांगायची गरज नाही. पण बायको म्हणते, सांगा, लोकांनाही कळू द्या.

पलूसला माझा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. घराची पुढची खोली हाच स्टुडिओ. स्वभावानं मी असा, की एका जागी बसणं मला जन्मात जमलेलं नाही. जेवताना पाय हलतो, दाढी करताना मान हलते, आणि अंगठ्या घालायच्या वेळी नवरा-नवरीपेक्षा मीच जास्त हलत असतो. कॅमेरा लावायचं तिकाटणं ज्यानं काढलं, त्यानं मला आधी बघितलं असावं.

गेल्या मे महिन्यात लोणंदला माझ्या मेव्हणीचं, प्रियांकाचं लग्न झालं. मी सासऱ्यांना छाती ठोकून सांगितलं, "मामा, घरचा जावई असताना बाहेरचा शूटिंगवाला? नाव काढायचं नाही!" लग्नासाठी मी नवी लेन्स घेतली. लेन्सला चरा पडू नये म्हणून तिच्या पुढं बसवायची नवीकोरी काच घेतली. सगळं लग्न त्याच एका लेन्सनं टिपलं, ड्रोन उडवला (तो चिंचेच्या झाडात अडकला, ते जाऊ द्या), आणि शब्द दिला, "पंधरा दिवसांत फिल्म हातात!"

पंधरा दिवस गेले. पावसाळा गेला. दिवाळी गेली.

माझा दोष नव्हता हो! शूटिंग सगळं झकास होतं. पण फिल्म जोडून तयार करायला बटण दाबलं, की कॉम्प्युटर तापायचा. प्रोसेसरवरचा छोटा पंखा किंचाळायला लागायचा आणि पडद्यावर तापमानाचा आकडा वर वर चढायचा. (तो आकडाही नीट दिसत नव्हता. मॉनिटर घेऊन काही वर्षं झाली, पण त्यावरचं प्लास्टिक आईनं अजून काढू दिलेलं नाही.) मी खुर्चीत बसायचो, उठायचो, पुठ्ठ्यानं वारा घालायचो, परत बसायचो. आणि अर्ध्यावर, नेमका रुसलेल्या करवलीचा चेहरा आला की फट्! कॉम्प्युटर बंद. त्या करवलीचं तोंड मी इतक्या वेळा बघितलं, की माझ्या स्वप्नात बायकोच्या जागी तीच यायला लागली.

आणि एक दिवस लोणंदहून सांगावा आला: प्रियांकाचं डोहाळजेवण, येत्या रविवारी.

सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, फोन ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आवं, लग्नाची फिल्म काय आता बाळाच्या बारशाला दावनार?"

"अगं, प्रोसेसर तापतोय—"

"आन् माझं डोकं तापत न्हाई व्हय? म्हायेरात तोंड दावायची सोय ठिवली न्हाई तुमी! मागल्या टायमाला आत्या चारचौघीत म्हनाली, 'जावयानं कॅमेऱ्यात रीळच घातलं नव्हतं जनू.' आमच्या बानं तेवढ्यासाठी भला मोठा टीव्ही आनून ठिवलाय! ही फिल्म आयतवारी न्हाई झाली, तर मी लोणंदला जानार न्हाई. आन् ग्येले, तर परत येनार न्हाई!"

दोन्ही बाजूंनी माझंच मरण. मी ताबडतोब कराडच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "एक तर मोठा हवेचा कूलर घ्या, नाहीतर लिक्विड कूलर घ्या. त्यात छोटा पंप असतो. प्रोसेसरवरची उष्णता पाणी घेतं, नळीतनं रेडिएटरमध्ये जातं, तिथं पंखे त्याला गार करतात, आणि ते परत येतं."

हे मी माझ्यापाशीच ठेवायला पाहिजे होतं. पण मी ते जेवताना सगळ्यांपुढं, जसंच्या तसं बोललो.

आबांचा घास हातातच राहिला. आबा म्हणजे माझे वडील. उसाला पाणी पाजण्यात त्यांची हयात गेली. वस्तीवर कुणाचीही मोटार पाणी उचलेना, की आबांना बोलावणं येतं. आबा पाइपाला कान लावतात, डोळे मिटतात आणि निदान सांगतात.

"पंप हाय म्हनलास?" आबा म्हणाले. "किती हॉर्सपॉवरचा?"

"आबा, तसला पंप नव्हे तो. आगपेटीएवढा असतो."

"पंप त्यो पंप! मी यनार."

तेवढ्यात पलीकडच्या ताटावरून तात्या बोलले, "आन् रेडिएटर बी हाय म्हनला न्हवं ह्यो?" तात्या माझे चुलते. मिलिटरीत ट्रक चालवून रिटायर झाले. लेहच्या थंडीत रेडिएटरची निगा कशी राखली, हे ते आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. मुलगी बघायला आलेल्यांनाही सांगितलं होतं. "रेडिएटर आसंल तर माझ्याबिगर हात लावायचा न्हाई. हे काय मोटार चालू-बंद करायचं काम न्हवं."

"म्हंजी आमी नुस्ती बटनं दाबतो व्हय रं?" आबा भडकले.

विहिरीच्या पाळीवरून या दोघा भावांचं वर्षानुवर्षं जमत नाही. आता माझ्या कॉम्प्युटरमधला पंप एकाचा आणि रेडिएटर दुसऱ्याचा, अशी वाटणी माझ्या डोळ्यांदेखत झाली!

शुक्रवारी आम्ही तात्यांच्या गाडीतनं कराडला निघालो. गाडी जुनी झाली, पण सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक जिथल्या तिथं. आमच्या घरातली रीतच आहे ती. नव्या वस्तूचं प्लास्टिक आपण काढायचं नाही, ते आपल्या पायांनी जाईल तेव्हा जाईल. मार्चच्या उन्हात ते पाठीला असं चिकटतं, की उतरताना शर्ट सीटवर राहतो का काय अशी भीती वाटते. मी तर चुळबुळ करून करून वाटेतच अर्धा सोलून निघालो.

दुकानदार तिशीतला, अतिशय सभ्य पोरगा होता. (आम्ही निघालो तेव्हा तो तसा राहिला नव्हता.) त्यानं तीन कूलर काढून ठेवले. एका पंख्याचा, दोन पंख्यांचा आणि तीन पंख्यांचा.

आबांनी पंप हातात घेऊन उलटापालटा केला. "हेड किती? पानी किती फूट उचलतं?"

"काका, उचलायचं नसतं. आतल्या आत फिरतं."

"आतल्या आत फिरतं?" आबांनी पंप खाली ठेवला. "मग त्याचा उपेग काय?"

तात्या रेडिएटरच्या जाळीवर नख फिरवत होते. "टोपन कुठाय ह्याचं? पानी कुठनं वतायचं?"

"भरायचं नाही. कंपनीतूनच भरून येतं, सीलबंद."

"आन् आटल्यावर?"

"सहसा आटत नाही."

तात्यांनी आबांकडं बघितलं. आबांनी तात्यांकडं बघितलं. कित्येक वर्षांत त्या दोघांची नजरानजर पहिल्यांदाच इतकी प्रेमाची झाली. "उभी नोकरी रेडिएटर बघितलं गड्या," तात्या हळूच म्हणाले, "न आटनारा अजून बघायचा हाय."

"तुमच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट केवढं आहे?" दुकानदारानं मला विचारलं. "मोजून आणलंय ना? दोन पंख्यांचा पुरेल तुम्हाला. तीन पंख्यांचा रेडिएटर लांब असतो, बसेलच असं नाही."

मोजून? मी? दोन मिनिटं एका जागी बसून टेप धरायची? मी दोन्ही हात पसरून म्हणालो, "एवढं आहे की!" हात जरा जास्तच पसरले गेले.

"तीन पंख्यांचाच घ्या," आबा म्हणाले. "घ्यायचं ते एकदाच. उद्या कॉम्प्युटर वाढला म्हंजी?"

"बराबर हाय दादाचं," तात्या म्हणाले. (हे वाक्य आमच्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं.) "रेडिएटर मोठाच पायजे. घाट चढताना कळतंय."

आणि खरं सांगायचं तर मीही तीन पंख्यांवरच भाळलो होतो. का? तर त्याच्या पंख्यांत रंगीत दिवे होते! लाल, निळे, जांभळे, गोल गोल फिरणारे. बघितल्या बघितल्या मला वाटलं, यानंच गार होणार. जाणकार म्हणून माझं मत विचारलं गेलं ते एवढंच, आणि मी ते असं वापरलं.

"सोमवारी माणूस पाठवतो बसवायला," दुकानदार म्हणाला.

"सोमवारी? आयतवारी डोहाळजेवण हाय!" आबा, तात्या आणि मी एकाच सुरात ओरडलो.

शनिवारी सकाळी खोकं उघडलं. आत सूचनांचं पुस्तक होतं. ते उघडून बसायला वेळ कुणाला होता? मी जुना पंखा काढला, पंपाचं चपटं डोकं प्रोसेसरवर ठेवून स्क्रू आवळले, आणि रेडिएटर कॅबिनेटमध्ये बसवायला गेलो. बसेना. आडवा धरला, बसेना. तिरका धरला, तर एक टोक बाहेर.

"मला ठावं होतं!" तात्या आनंदानं म्हणाले. "रेडिएटर आत नसतोयच. गाडीच्या म्होरं असतोय, वाऱ्याला!"

झालं! कॅबिनेटचं झाकण काढलं, टेबल ओढून खिडकीला लावलं आणि बांधायच्या तारेनं रेडिएटर खिडकीच्या गजाला आवळला. नव्या मोटारीला नारळ फोडल्याशिवाय आबा बटण दाबू देईनात. आईनं रेडिएटरला हळदीकुंकू लावलं. मग मी बटण दाबलं.

दिवे लागले! लाल, निळे, जांभळे! रस्त्यावरनं जाणारा एकजण सायकलवरनं उतरून विचारून गेला, कुठल्या देवाचं बसवलंय म्हणून. मी फिल्मचं बटण दाबलं आणि तापमान बघायला लागलो.

आकडा चढायला लागला. चढला. अजून चढला. जुना पंखा असताना चढायचा त्याच्याही वर गेला!

"आवं, एका जागी उभं ऱ्हावा की! चक्कर आली मला!" दारातनं सुनंदा म्हणाली. मी टेबलाभोवती फेऱ्या मारत होतो. उद्या लोणंद, उद्या आत्या, उद्या तो भला मोठा टीव्ही!

आबांनी नळीला कान लावला, डोळे मिटले. "हवा धरलीया," ते म्हणाले. "आतनं बुडबुड बुडबुड आवाज यतोय. पानी भरल्याबिगर मोटार चालू केलीस, मग दुसरं काय हुनार?"

"आबा, ते भरूनच—"

"कराडात भरलं व्हतं! इथवर येताना गाडी किती आदळली!"

मला ते पटलं. (पटलं! मला! कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या माणसाला!) तेवढ्यात करवलीचं तोंड आलं आणि फट्! सगळं बंद.

मग माझी जी उरलीसुरली अक्कल होती तीही गेली. मी वायर उपसली, पंप सोडवला, सगळी वरात अंगणात नेली. रेडिएटरच्या बगलेला एक बारीक स्क्रू होता आणि त्याच्यावर स्टिकर होतं, 'काढू नये'. मी ते नखानं खरवडून काढलं आणि स्क्रू फिरवला. चूळभर पाणी आबांच्या पायावर सांडलं.

"एवढंच?" आबा थक्क झाले. "ह्यात मांजराची तहान भागायची न्हाई, आन् ह्यो कॉम्प्युटर थंड करायला निगालाय!"

"बाजूला व्हा," तात्या ट्रॅक्टरच्या हिरव्या कूलंटचा डबा घेऊन आले.

"ह्या! हिरीचं पानी घाला, गोडं हाय!" आबा तांब्या घेऊन आले.

दोघांचं भांडण मिटेना म्हणून मी निम्मं निम्मं केलं. आईच्या शिलाई मशीनच्या तेलाच्या नळकांड्यानं थेंब थेंब भरलं, हलवलं, वाजवून बघितलं, आबांचं समाधान होईपर्यंत हवा काढली. स्क्रू आवळला, आत आणून, प्रोसेसरवर न बसवता आधी नुसत्या वायरा लावल्या आणि बटण दाबलं. पंप 'घर्र' म्हणाला. मग 'घीः' म्हणाला. मग काहीच म्हणाला नाही. दिवे मात्र फिरत होते, लाल, निळे, जांभळे.

मी मटकन खाली बसलो. आयुष्यात पहिल्यांदा एका जागी, न हलता. सुनंदानं कपाटातली पिशवी काढली आणि साड्या भरायला लागली. मोजून बघण्याची सवय मला नाही, पण त्या साड्या एका दिवसाच्या नव्हत्या.

तेवढ्यात आई पदराला हात पुसत आली. तिनं तो मेलेला पंप उचलला, फिरवून त्याची खालची तांब्याची बाजू बघितली. तिच्या चेहऱ्यावर कौतुक दाटून आलं.

"शाणं झालं गं माझं लेकरू!" ती म्हणाली. "बघ, सुनंदा, प्लास्टिक तसंच ठिवलंय!"

मी उठलो. पंप हातात घेतला. प्रोसेसरला चिकटायची जी तांब्याची पाठ, तिच्यावर एक पातळ, पारदर्शक, आता जरासं वितळून आखडलेलं प्लास्टिक होतं. बसवायच्या आधी ते सोलून टाकायचं, नाहीतर उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. प्रोसेसर आणि पंप यांच्यामध्ये मी आमच्या घरची रीत बसवली होती! जे काढायचं ते ठेवलं होतं, आणि ज्यावर 'काढू नये' असं लिहिलं होतं ते खरवडून काढलं होतं.

"आता काय करायचं रं?" तात्यांनी विचारलं. त्यांचा आवाज पडला होता.

आबा खिडकीतनं बाहेर बघत होते. "कॉम्प्युटर थंड करायचा हाय न्हवं?" ते म्हणाले. "मग यंत्र कशापायी पायजे? कॉम्प्युटरच उचलून थंडीत ठिवू की!"

आबांच्या ओळखीच्या एकाचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. दुपारी जुना पंखा परत बसवून मी, कॉम्प्युटर, मॉनिटर आणि तात्या तिथं दाखल झालो. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत मी तात्यांचा लेहचा कोट घालून, कानटोपी लावून, बेदाण्याच्या खोक्यांवर कॉम्प्युटर मांडून थरथरत होतो. फिल्म चालू झाली. आकडा चढायला निघाला आणि निम्म्यातच दमला! करवलीचं तोंड आलं. मी श्वास धरला. करवली गेली! तिच्या मागनं काय आहे ते मला कित्येक महिन्यांनी दिसलं. मला इतका आनंद झाला, की मी तात्यांना मिठीच मारली.

खोकी उचलणाऱ्या बायका कामं टाकून भोवती जमल्या. "नवरी कुनाची ओ?" "ही रुसलेली कोन?" "दादा, सगळं धुरकट का दिसतंय?"

"मॉनिटरवर प्लास्टिक आहे," मी नाक पुसत म्हणालो. अनुभवी माणसाचं उत्तर होतं ते.

रविवारी लोणंदला मी ताठ मानेनं उतरलो. नाक गळत होतं, पण मान ताठ होती. गळ्यात कॅमेरा होता (डोहाळजेवणाचं शूटिंगही घरचाच जावई करणार!). प्रियांका फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसलेली. माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि पुढं तो भला मोठा टीव्ही. सासऱ्यांनी पेनड्राइव्ह लावला, फिल्म सुरू झाली.

धुरकट. सगळं धुरकट. मंडप धुरकट, नवरा धुरकट, सासरे तर नुसतेच हलत होते.

"अगं बया, मला मोतीबिंदू झाला का काय?" आत्या म्हणाली.

सुनंदाचा चेहरा पडला. पण मी हसलो. टीव्हीच्या कोपऱ्यात मला ओळखीची चकाकी दिसली होती. सासुरवाडीलाही तीच रीत! मी उठलो, ऐटीत पुढं गेलो, म्हणालो, "मामा, नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं असतं," आणि एका झटक्यात टीव्हीवरचं प्लास्टिक सर्रकन सोलून काढलं. सासऱ्यांच्या तोंडातनं बारीक किंकाळी बाहेर पडली. मी बाजूला झालो.

धुरकट. तसंच्या तसं!

"झालाच म्हनायचा मोतीबिंदू," आत्या म्हणाली.

सुनंदा टीव्हीकडं बघत नव्हती. ती माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं बघत होती. मीही खाली बघितलं. लेन्सच्या पुढची ती काच, लग्नासाठी घेतलेली, नवीकोरी. तिच्या कडेला प्लास्टिकचं बारीक, पारदर्शक टोक सुटलेलं होतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होतं.

मी पळायचा दरवाजा कुठं आहे ते बघायला लागलो. आणि तेवढ्यात प्रियांका हुंदका देऊन म्हणाली, "दाजी! किती भारी केलंयसा ओ! सगळं सपनातल्यागत दिसतंय!"

"व्हय की!" सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "जनू ढगातच लगीन लागलंय पोरीचं!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आत्यासुद्धा.

"लय मेहनत आहे त्याच्यामागं," मी म्हणालो. "म्हणून तर एवढे महिने लागले."

सुनंदानं ओठ दाताखाली धरले होते. खांदे हलत होते. परत येताना गाडीत ती कराडपर्यंत हसत होती. साड्यांची पिशवी मांडीवर होती, म्हणजे ती परत आली, एवढं माझ्यासाठी पुष्कळ झालं.

परवा एका नवरदेवाचा फोन आला. "दादा, लोणंदच्या लग्नात तुमी ते ढगातलं कायतरी केलं व्हतं न्हवं? आमाला तसलंच पायजे."

फोन ठेवतोय तर सुनंदा कॅमेरा पुसत बसलेली. तिनं काचेवरचं ते सुटलेलं टोक चिमटीत धरलं होतं.

"आवं, काढू का हे आता एकदाचं?"

"हात लावू नको!" मी ओरडलो. "आता त्याच्यावरच घर चालायचंय!"